खंडेनवमीचा सर्व्हर

मामीच्या घरी मासळी माणूस बघून वाढली जायची. मधला जाड तुकडा मामाला, त्याच्या बाजूचा नितीनला, डोकं मामी स्वतःच्या ताटात घ्यायची आणि शेपटीकडचं जे काही उरेल ते माझं. "शेपटीतच खरी चव असते गो," असं ती वर सांगायची. एकदा मी "मग तुम्ही घ्या ना" म्हणाले, तर पुढे कितीतरी दिवस माझ्या ताटात नुसतं कालवण पडत राहिलं. मी पेणच्या खाडीकडच्या गावातली. बाबा मिठागरात कामाला. बारावी झाल्यावर रोह्याला मामाकडे राहायला निघाले, तेव्हा बाबांनी पांढरंशुभ्र मीठ निवडून त्याची एक पिशवी बांधून दिली होती आणि आईनं पोह्याचे पापड. पापड मामीनं ठेवून घेतले. मिठाकडे बघून म्हणाली, "आमच्याकडे पाकिटातलं लागतं." ते मीठ मोरीमागचं गवत मारायला वापरलं गेलं. मूठमूठ टाकायचं काम माझ्याकडेच होतं.

मामा आमच्या आईचा धाकटा भाऊ, दोन्हीकडच्या घराण्यांतला पहिला पदवीधर. त्याला भाकरी थापून घालायला म्हणून आईची शाळा सुटली होती. त्याचं तिला कधी काही वाटलं नाही. उलट "दत्तूला मी शिकवला" हे वाक्य ती कुणालाही, अगदी बाजारात मेथी निवडणाऱ्या अनोळखी बाईलासुद्धा सांगायची. दत्तू आता धाटावच्या एका केमिकल कंपनीत अकाउंट्सचा प्रमुख होता. मला तिथे कॉम्प्युटरवर आकडे भरायला लावून दिलं तेव्हा आईनं शेजारीपाजारी पेढे वाटले. मामानं मला पहिल्या दिवशी स्कूटरवरून नेताना एकच गोष्ट बजावली, "कंपनीत मला मामा म्हणायचं नाही. सर म्हणायचं." मी घरीसुद्धा एकदोनदा सर म्हणाले. त्याला ते आवडलं असावं, कारण त्यानं मला कधी थांबवलं नाही.

त्या घराचं घड्याळ म्हणजे धाटावचा भोंगा. पहिला भोंगा झाला की मी चूल, म्हणजे गॅस, पेटवायची, भाकऱ्या टाकायची, वालाचं बिरडं किंवा सुकट करून डबे भरायची आणि मगच कंपनीला निघायची. नितीन, मामाचा मुलगा, तेव्हा नुकताच पुण्याहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा घेऊन आला होता. तो उशिरा उठायचा. त्याच्या डिप्लोम्याला दिवाणखान्यात चौकट होती आणि मामी रोज ती पुसायची. नितीनला अजून नोकरी नव्हती आणि मला होती, ही गोष्ट त्या घरात सुकटीच्या वासासारखी होती. कुणी बोलायचं नाही, पण जायचीही नाही.

कंपनीत सर्व्हर म्हणजे प्रत्यक्ष देवघर. काचेची खोली, आत एसी आणि बाहेर चपला काढायच्या. मोठमोठे साहेबही मोज्यांवर आत यायचे आणि आवाज खाली आणून बोलायचे. त्या खोलीतून एक जाड काळी वायर निघून सगळ्या टेबलांखालून फिरायची आणि प्रत्येक कॉम्प्युटर तिला जोडलेला असायचा. गेटवर टँकर उभे असत. मालाचं चलन छापून निघालं की टँकर हलायचा. सर्व्हर बंद म्हणजे टँकर उभे आणि टँकर उभे म्हणजे मॅनेजरसाहेबांचा आवाज तिसऱ्या प्लांटपर्यंत. दुरुस्तीला मुंबईहून इंजिनियर यायचा, म्हणजे येतो म्हणायचा. तो एकदा आला तेव्हा एक फाटक्या पाठीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक विसरून गेला. ते मी डबा खायच्या सुट्टीत डिक्शनरी घेऊन वाचायला लागले. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं काम आकडे भरण्याचं होतं. पण सर्व्हर बंद पडला की सगळे जण घाबरून एकमेकांकडे बघायचे आणि मला त्या घाबरण्याचाच कंटाळा आला होता.

पहिल्यांदा सगळे कॉम्प्युटर एकदम मेले, तेव्हा अकाउंट्समध्ये व्हायरस आला अशी बोंब उठली. एकानं तर तोंडाला रुमाल बांधला. सर्व्हरचा पंखा मात्र छान फिरत होता. पुस्तकात लिहिलं होतं की त्या काळ्या वायरीच्या दोन्ही टोकांना एकेक टोपण असतं. अंगठ्याएवढं, पितळी रंगाचं. ते एका बाजूचं जरी निघालं तरी सगळी वायर मुकी होते. मी टेबलाखाली शिरले. झाडणाऱ्या मावशींनी टेबल सरकवलं होतं आणि टोपण धुळीत पडलं होतं. लावलं आणि सगळे पडदे जिवंत झाले. पुढे दोन कॉम्प्युटरना चुकून एकच नंबर दिला गेला आणि दोघेही आळीपाळीनं बंद पडायला लागले, एकाच नावानं दोन माणसं रेशन न्यायला यावीत तसं. तेही सापडलं. प्रिंटर अडला, डिस्क भरून गेली, रात्रीतून तारीख मागे गेली, सगळं हळूहळू हाताखालचं झालं. रोज घरी जाताना मी सगळं काम एका कॅसेटवर उतरवून ठेवायची. पुस्तकात लिहिलं होतं म्हणून. लोक मला "सर्व्हरवाली" म्हणू लागले. मामी "मिठागरवाली" म्हणायची. मला दोन्ही नावं चालायची, पण पहिलं ऐकलं की पाठ सरळ व्हायची. आता सर्व्हर म्हणे ढगात असतात आणि माझ्या हाताखालची मुलं टेबलाखाली वाकत नाहीत. मला त्यांची थोडी कीव येते.

तर ती खंडेनवमी. कंपनीत त्या दिवशी बॉयलरपासून पान्यापर्यंत सगळ्यांची पूजा. हत्यारं आणि यंत्रं त्या दिवशी चालवायची नाहीत, त्यांना विश्रांती. मशीन बंद करून, पुसून, झेंडूची माळ घालून, हळदकुंकू वाहून नारळ फोडायचा. त्या वर्षी मॅनेजरसाहेबांनी सर्व्हरच्या पूजेचा मान मामाला दिला होता आणि मामानं त्यासाठी नवं धोतर आणलं होतं. त्याच सकाळी मला कावळा शिवला. मामीनं मामाच्या देखत मला गॅलरीत वेगळी चटई टाकून दिली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "आज तिकडं पाय ठेवू नको हां. देवाचं काम हाय."

मी गॅलरीतूनच मामाला सांगितलं. तो धोतराच्या निऱ्या नीट करत होता आणि नितीन, पूजा बघायला जायचं म्हणून, केस विंचरत होता. "मामा, सर्व्हर थेट बटणानं बंद करायचा नाही. आधी सगळ्यांना कामातून बाहेर काढायचं, मग त्याला बंद हो म्हणून सांगायचं, तो हो म्हणाला की मग बटण." हे मी नितीनला पुन्हा एकदा सावकाश सांगितलं. सर्व्हर पंख्यासारखा नसतो. आपण लिहिलेलं तो आधी डोक्यात ठेवतो आणि जमेल तसं डिस्कवर उतरवतो. मधेच वीज तोडली तर अर्धं वाक्य कागदावर आणि अर्धं हवेत. नितीन आरशाकडे बघत म्हणाला, "मला शिकवतेस? डिप्लोमा कोणाकडे आहे?"

नंतर काय झालं ते मला झाडणाऱ्या मावशींनी सांगितलं. भटजींना अजून तीन कंपन्या करायच्या होत्या. ते दारातूनच ओरडले, "यंत्र बंद करा की हो, चालत्या यंत्राला पूजा पोचत नाही." नितीननं विजेचं मुख्य बटण खाली ओढलं. पंखा थांबला. मामानं झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, भटजींनी पाणी शिंपडलं, नारळ फुटला, पेढे वाटले. सर्व्हरची इतकी नीट पूजा कुणी केली नसेल. नंतर नितीननं बटण वर केलं, सर्व्हर उठला आणि एकेका मोडलेल्या फाइलबद्दल विचारू लागला की हिचं काय करू, उडवून टाकू? नितीनला प्रश्न कळला नाही. त्यानं प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हटलं. पेढा खात खात म्हटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कंपनी उघडली तेव्हा चलनं नव्हती, पार्ट्यांची नावं नव्हती, काही नव्हतं. गेटवर टँकर लागले. मामा भर दुपारी स्कूटरवरून घरी आला, जिना चढून धापा टाकत गॅलरीत आला आणि म्हणाला, "वनिता, चल लवकर." मी अजून चटईवरच होते. मी मामीकडे पाहिलं. मामी म्हणाली, "जा गो जा, कामाला काय विटाळ?" देवाच्या कामाला चालत नसलेले माझे हात टँकरच्या कामाला एकदम चालू लागले. मी गेले. त्या खोलीत अजून झेंडूचा आणि नारळाच्या पाण्याचा आंबूस वास होता आणि सर्व्हरच्या कपाळावर मामाच्या अंगठ्याचं कुंकू. अष्टमीला घरी येताना मी कॅसेट भरून ठेवली होती. ती घातली आणि संध्याकाळच्या भोंग्याच्या आत चलन छापून पहिला टँकर बाहेर पडला. नवमीला पूजेआधी घाईनं भरलेलं थोडंसं काम तेवढं गेलं. अकाउंट्समधले लोक टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, आता मामा पाठीवर हात ठेवेल.

मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ते होते, मामा होता, नितीन होता आणि उत्पादनाचे दोन साहेब. मी एकटी बाई. साहेबांनी विचारलं, हे झालं कसं? मी सांगितलं की वीज एकदम बंद केली म्हणून. साहेबांनी नितीनकडे बघितलं. नितीन पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होता. तेवढ्यात मामा बोलला, अगदी शांत, शुद्ध मराठीत.

"साहेब, नितीननं हिनं सांगितलं तसंच केलं. बटण बंद कर म्हणून हिनंच सांगितलं होतं. नितीनला इथे घ्यायचं ठरतंय हे हिला कळलं होतं ना."

"मी असं नाही सांगितलं," मी म्हणाले.

"मग बिघाड इतक्या पटकन कसा सापडला? ज्यानं गाठ मारली त्यालाच ती सुटते. आणि कॅसेट? आदल्या दिवशीच कशी भरून ठेवली? हिला ठाऊक होतं बिघडणार ते."

"मी रोज भरते."

"आणि नवमीला ही आलीच नाही, साहेब. रोज येणारी मुलगी नेमकी त्याच दिवशी नाही."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून सरळ मला विचारलं, "का नव्हती आलीस?"

मी मामाकडे बघितलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. त्याला ठाऊक होतं. त्याच्या देखत चटई टाकली गेली होती. माझ्याजवळ त्या दिवसाचा पुरावा होता, पण तो पाच पुरुषांसमोर उच्चारायचा नव्हता, आणि मी तो उच्चारू शकणार नाही याचा मामानं हिशेब केला होता. अकाउंट्सचा प्रमुख उगाच नव्हता तो. माझ्या तोंडून "तब्येत" एवढाच शब्द निघाला. "काय झालं होतं तब्येतीला?" साहेबांनी विचारलं. मी गप्प बसले. गप्प बसले ते बसलेच. आज मी हे असं उघड लिहिते आहे, वाचणाऱ्यांत पुरुषही असतील, खुशाल असोत. त्या दिवशी मात्र जीभ टाळूला चिकटली आणि त्या चिकटण्यानं माझी नोकरी गेली.

मामीनं माझी पिशवी आधीच भरून ठेवली होती. वर मिठाची उरलेली पुरचुंडी ठेवली होती. "आमच्याकडे पडून राहील," म्हणाली. पेणकडे जाणारी पॅसेंजर निडी स्टेशनात क्रॉसिंगसाठी उभी राहिली. बाहेर भात पिवळं पडत होतं आणि एक बाई डब्यात उकडलेल्या शेंगा विकत होती. मला रडू आलं नाही. राग आला होता, मूठभर मीठ खाल्ल्यासारखा. घरी पोचले तर आईचं पहिलं वाक्य, "तू काय केलास गो दत्तूच्या हापिसात?" मी सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "चुकला असंल त्यो. पोराच्या मायेपायी चुकतो मानूस." माझ्यावर तिचा विश्वास होता हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ते वाक्य जास्त लागलं. मी खोटी असते तर तिनं मला मारलं असतं. मी खरी होते, तरी तिनं भावालाच सांभाळून घेतलं.

भाऊबीजेला ती नेहमीसारखी रोह्याला गेली. बाबा म्हणाले, "यंदा नको जाव." ती म्हणाली, "भाव हाय माजा," आणि ताट, निरांजन, करंज्यांचा डबा घेऊन गेली. ज्या अंगठ्यानं सर्व्हरला कुंकू लावलं त्या अंगठ्याच्या मालकाला कुंकू लावून संध्याकाळच्या गाडीनं परत आली. उंबऱ्यातच म्हणाली, "वनिता, कपरं भर. उद्या सकाली रोह्याला जायाचा हाय. मशिनी बंद परल्यान. टँकर उभं हान. दत्तूनं सांगितलाय, तुला पाठव."

"माझ्या जागेवर नितीन आहे ना तिथं?"

"त्याला नाय जमत. दिवालीची साफसफाई केली त्यांनी, आन तवापासून सगल्या एकदमच मेल्यान. मोठी तेवरी चालू हाय, तिचा पंखा फिरतो म्हनं."

मला तिथल्या तिथे कळलं. साफसफाईत टेबल सरकलं होतं. टोपण. अंगठ्याएवढं पितळी टोपण, बहुतेक टेबलाच्या पायाशी पडलेलं. मी आईला एक वाक्य सांगितलं असतं आणि तिनं शेजारच्यांच्या फोनवरून ते कळवलं असतं तर काम झालं असतं. रोह्याला जायचीही गरज नव्हती. मी ते वाक्य गिळलं.

"येते मी," म्हणाले. "पण मामानं मॅनेजरसाहेबांसमोर सांगायचं की नवमीला मी का आले नाही ते. त्याच केबिनमध्ये, त्याच माणसांसमोर."

"बायकांच्या गोष्टी बाप्यांम्होरं? तुला काय लाज हाय का नाय?"

"मला लबाड ठरवताना त्याला होती?"

"वनिता, ते दत्तूला कारून टाकतील."

"मला काढलंच ना."

आई माझ्यासमोर हात जोडून उभी राहिली. माझी आई, माझ्यासमोर. "माज्या माह्यारचा दार बंद नको करू गो," म्हणाली. "मना दुसरा कोन हाय तिकरं?" बाबा ओट्यावर पायाची खारी भेग तेलानं चोळत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "माजी पोर जायाची नाय." आणि मी गेले नाही.

मुंबईचा इंजिनियर दिवाळीची सुट्टी संपवून आला, टेबलाखाली वाकला, टोपण लावलं आणि हसत हसत चहा प्यायला बसला म्हणे. साहेब हसले नाहीत. एवढ्याशा टोपणासाठी टँकर उभे राहिले होते. नितीनला त्याच आठवड्यात घरी बसवलं आणि मामाला अकाउंट्समधून काढून भंगाराच्या यार्डात गेटपास देण्यावर बसवलं. तिथे एसी नव्हता. लोक चपला घालून आत यायचे. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, आजही ते यार्ड डोळ्यांसमोर आणलं की बरं वाटतं. पुढे मी पनवेलला नोकरी धरली आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळले. त्या न सांगितलेल्या वाक्याचा मला पश्चात्ताप नाही. आईचं वाईट वाटतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या एक करायला मला बऱ्याच शहाण्या लोकांनी सांगून पाहिलं आहे.

यार्डात बसवल्यावर मामानं निरोप धाडला होता की ताईनं पुन्हा आपल्या दाराशी येऊ नये. आईला वाटत होतं, राग आहे, उतरेल. गणपतीत तिनं पापड पाठवले, ते परत आले. पुढच्या भाऊबीजेला तिनं सकाळपासून ताट घासून ठेवलं होतं. करंज्या केल्या होत्या. दुपारची गाडी गेली, नंतरची गेली. दिवस कलला तशी ती ताट घेऊन मागच्या अंगणात गेली आणि खाडीकडे तोंड करून उभी राहिली. ज्या बाईला भाऊ नसतो ती बिजेच्या चंद्राला भाऊ मानून ओवाळते, हे आमच्याकडे लहान पोरीलाही ठाऊक असतं. आमच्या गावातली एक म्हातारी तसं करायची, आणि आई तिला दरवर्षी आपल्यातल्या करंज्या नेऊन द्यायची, बिचारी म्हणून. मिठागराच्या वर चंद्राची बारीक कोर होती. आईनं तिला ओवाळलं, अक्षता टाकल्या, नमस्कार केला. रोह्यात तिचा भाऊ धडधाकट होता आणि बहुधा त्या वेळी जेवायला बसला होता, ताटात मधला तुकडा घेऊन.

मी दारात उभी होते. ती वळली, माझ्याजवळ आली आणि जळत्या निरांजनासकट ते ताट तिनं माझ्या हातात दिलं.

"तुला सगला नीट करता येतो ना गो," ती म्हणाली. "मंग ह्ये नीट कर."